रबरी पायांचे कारखाने

आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. कागदावर 'रिगर' लिहितात, वसईतल्या वालीवच्या गाळ्यांमध्ये 'मशीन शिफ्टिंगवाला' म्हणतात आणि माझी बायको, कोणी विचारलंच, तर 'ह्यांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता' असं सांगून मोकळी होते. ट्रान्सपोर्टवाला माल नेतो. आम्ही अख्खा कारखाना उचलून नेत होतो, एवढाच काय तो फरक. पण लग्नकार्यात हे समजावत कोण बसणार?

लोकांना वाटतं, क्रेन आली, मशीन उचललं, झालं काम. क्रेनचं काम शेवटचा एक तास. त्याआधी दोन-चार दिवस पहार, जॅक, चेनपुली आणि लोखंडी पाइप यांच्यावरच सगळं चालतं. पंधरा टनांचं धूड आधी इंचभर वर घ्यायचं, खाली पाइप सारायचे आणि मग चार माणसांनी ते दारापर्यंत ढकलत न्यायचं. माझे वडील साताऱ्याकडून येऊन मुंबईच्या गोदीत माथाडी झाले. ते सांगायचे, "वजनाशी भांडायचं नाही, त्याला वाट करून द्यायची." चाळीस वर्षं मी तेवढ्या एका शिकवणीवर पोट भरलं. या काळात माझ्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही, हे मी अजूनही न विचारता सांगतो.

आता मुद्द्यावर येतो. कारखाने जागा का बदलतात? कधी भाऊ भांडतात, कधी जागेला सोन्याचा भाव येतो. पण माझ्या उमेदीच्या काळात निम्म्याहून अधिक मशिनं मी हलवली ती करमाफीमुळे. सरकार जाहीर करायचं, अमुक भागात कारखाना काढा, इतकी वर्षं विक्रीकर माफ. की आमचा फोन वाजायला लागायचा. वसईवाल्यांना ही सवलत नव्हती, कारण आम्ही मुंबईच्या फार जवळ. हायवेने तासा-दीड तासावर वाड्याला होती, त्याहून पुढे सिल्वासा-दमणला तर विचारू नका. मी त्या रस्त्यावर सारखा ये-जा करत होतो. जाताना ट्रेलर भरलेला, येताना रिकामा.

या सवलतींनी गमतीही पुष्कळ दाखवल्या. एका शेठने सवलतीच्या भागात तीन वेगवेगळ्या नावांनी तीन शेड घेतल्या होत्या आणि तिन्हीत मिळून लेथ मशीन होतं एक. तपासणीला साहेब येणार म्हणून ते लेथ मी सोमवारी पहिल्या शेडमध्ये उभं केलं, बुधवारी दुसऱ्या आणि शुक्रवारी तिसऱ्या. प्रत्येक वेळी त्याला वेगळा रंग. शुक्रवारचा हिरवा रंग वाळायच्या आत साहेब आले आणि त्यांनी कौतुकाने मशीनवर हात ठेवला. हिरव्या तळव्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "अगदीच नवीन दिसतंय." सही मात्र केली. आम्ही मागे उभे राहून हसलो. हसलो खरे, पण त्या रंगाचा डबा मीच आणला होता.

अशा कामांतून मला एक गोष्ट कळायला लागली. नवीन जागी मशीन बसवायचं, तर जमिनीत खड्डा खणतात, त्यात लांब बोल्ट उभे करून काँक्रीट ओततात आणि त्यावर मशीन आवळतात. त्याला फाउंडेशन म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे मशीनच्या पायांखाली जाड रबरी पॅड ठेवायचे. खणणं नाही, फोडणं नाही. नुसतं उभं करायचं. काही मशिनांना ते चालतंही. पण जिथे फाउंडेशन हवं तिथेही शेठ म्हणायला लागला, "मुकादम, खड्डा नको, पॅडवर उभी करा," की मी मनात समजून जायचो. ह्याने सवलत संपायचं वर्ष आधीच मोजून ठेवलंय. अर्थतज्ज्ञांकडे मोठमोठे तक्ते असतात म्हणे. मी जमिनीकडे बघून सांगायचो आणि फारसा चुकलो नाही.

जयंतीशेठचा छापखाना वालीवला होता. औषधांच्या गोळ्यांची पाकिटं ज्या खोक्यांत येतात, ती रंगीत खोकी तिथे छापली जात. मधोमध एक चार रंगी ऑफसेट मशीन. जुनं, परदेशी बनावटीचं, चार युनिटं एकापुढे एक जोडलेली. प्रत्येक युनिट एक रंग छापतं आणि चारही रंग केसाइतकाही फरक न पडता एकमेकांवर बसावे लागतात. नाहीतर खोक्यावरचं नाव दोन-दोन दिसतं. ते मशीन चालवायचे हरीभाऊ.

हरीभाऊ नायगाव पूर्वेच्या खाडीकाठच्या गावातले. घरची भातशेती, थोडी मासेमारी आणि गावातून कारखान्यात कायम झालेले ते पहिलेच. उंचीने बेताचे, बोलायला मोठे. मशीनशी बोलायचे, शाईशी बोलायचे, दमट हवेलाही शिव्या घालायचे. मी अधूनमधून त्या छापखान्यात किरकोळ कामाला जायचो. तेव्हा ते मला हटकून दोन चहा पाजायचे आणि माझ्या पहारीला हात लावून म्हणायचे, "मुकादम, तुमचा ह्यो शाईचा ब्रश लय जाड हाय."

एके दिवशी जयंतीशेठने मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, "मुकादम, गणपतीला सगळ्यांना आठवडाभर सुट्टी देतोय. त्या आठवड्यात मशीन सिल्वासाला उभी पाहिजे. कोणाला बोलायचं नाही."

मी म्हणालो, "शेठ, माणसांना सांगायला नको?"

"सांगितलं तर गेटवर बसतील. मग मशीन पण नाय जाणार आणि मी पण बुडणार. बघा, माझी औषधवाली गिऱ्हाइकं सगळी तिकडे गेली. तिकडे छापणाऱ्याला टॅक्स नाय. तो माझ्यापेक्षा स्वस्त देतो. मी काय करू? कायद्याने जे बसतं ते सगळ्यांना देणार. हरीला तर बरोबर नेणार, खोली पण देणार."

मी शेठला खलनायक करणार नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवला होता तो रद्द केला होता त्याने त्या वर्षी. पण हेही तितकंच खरं, की मी 'नाही' म्हणालो असतो, तर तो दुसऱ्या मुकादमाकडे गेला असता, आणि मी बाहेर बोललो असतो, तर वालीवमधल्या एकाही शेठने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. आमच्या धंद्यात पहारीइतकीच बंद तोंडाला किंमत. मी हो म्हणालो. सुट्टीची नोटीस लागली तेव्हा कोकणातली माणसं खूश झाली. शेठ सुधारला, असं म्हणत गावाला गेली.

अडचण एकच होती. जुनं मशीन सुटं करून पुन्हा जोडायचं, तर त्याच्या खोडी माहीत पाहिजेत, आणि त्या कुठल्याही पुस्तकात नसतात. त्या हरीभाऊंच्या डोक्यात होत्या. म्हणून गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी दर्शनाला गेलो.

अंगणात मांडव, दारात रांगोळी, आत पुठ्ठ्याचा देखावा. देखावा अर्थात हरीभाऊंनी छापखान्यातल्या उरलेल्या पुठ्ठ्याचा केलेला, त्यामुळे गणपतीच्या मागच्या डोंगरावर एका बाजूने तापाच्या गोळ्यांचं नाव दिसत होतं. मी हात जोडले. मग बसल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, "हरीभाऊ, शेठ सुट्टीत मशीनची ओव्हरहॉलिंग करणार म्हणतायत. युनिटं सुटी करावी लागतील. काही सांभाळायचं आहे का?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो नीट बघवत नाही. "शेठला बुद्धी झाली म्हंजे! किती वर्सं सांगतोय मी. थांबा, मीच येतो उद्या."

"नको, सण आहे. तुम्ही घरी थांबा. मला फक्त सांगा."

मग त्यांनी पोराच्या वहीचं पान फाडलं आणि तासभर मला मशीन शिकवलं. तिसऱ्या युनिटच्या मागच्या डाव्या पायाखाली पितळेचा पातळ पत्रा आहे, तो हरवायचा नाही. दुसऱ्याचे बोल्ट आधी सैल करायचे नाहीत, नाहीतर चौथं ओढ घेतं. जोडताना उलट क्रम. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली, मला परत म्हणून दाखवायला लावली. चुकलो तिथे "नाय नाय मुकादम" म्हणून हातावर टिचकी मारली.

कुसुमवहिनी, म्हणजे त्यांची बायको, ताटात मोदक घेऊन आल्या. आल्या त्या तिथेच बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी सगल्या कंपन्यांत फिरता. एक सांगा. यांना दुसऱ्या छापखान्यातून बोलावनं आलंय. गोरेगावला. गनपती झाले की जबाब द्यायचाय. हे म्हनतात जातो, तिथं नवीन मशीन हाय. मना भीती वाटते. हातची सोडून पलत्याच्या मागं कशाला? ही आपली कंपनी टिकेल ना?"

हरीभाऊ म्हणाले, "अगं, त्यांना काय विचारतेस? ते काय शेठ हायत?"

"शेठ खोटं बोलंल. भाऊ नाय बोलनार."

माझ्या हातात मोदक होता, समोर गणपती होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मशीनचे बोल्ट सोडवायला घ्यायचे होते. मी म्हणालो, "टिकेल, वहिनी. ओव्हरहॉलिंगचा खर्च काय उगाच करतायत?"

नुसतं 'टिकेल' म्हणून मी थांबलो नाही, त्याला वर पुरावाही जोडला. याचं मला नंतर जास्त वाईट वाटलं. वहिनी हरीभाऊंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आयकलंत?" मग त्यांनी मला आणखी दोन मोदक वाढले.

पुढचे चार दिवस आम्ही मशीन काढलं. चार दिवस लागले, कारण जयंतीशेठच्या वडिलांनी ते बसवलं होतं आणि फाउंडेशन असं खोल केलं होतं की बोल्ट निघता निघेनात. दोन तर शेवटी कापावे लागले. सिल्वासाला पोचल्यावर शेठ म्हणाले, "खड्डा नको मुकादम, पॅडवर उभी करा." हरीभाऊंचं पान समोर ठेवून युनिटं जोडली. पहिल्याच छपाईला चारही रंग एकमेकांवर नेमके बसले. शेठने माझी पाठ थोपटली.

तिथे शेडच्या दारात गावातली काही वारली माणसं कामाच्या आशेने उभी होती. त्यांतला रमण नावाचा एक माणूस आम्हाला पाइप सारायला मदत करत होता. घाम पुसत त्याने विचारलं, "हे आता इथंच राहणार ना?" मशीन सपाट बसलंय का ते दाखवणाऱ्या लेव्हलच्या काचेतला बुडबुडा मी बघत राहिलो. रमण लागला तिथे नोकरीला. त्याच्या घरात ती पहिली पगाराची नोकरी. म्हणून 'सवलती सगळ्या वाईट' असं कोणी म्हणालं की मला रमण आठवतो आणि मी गप्प बसतो. वसईतून गेलं ते कुठेतरी पोचलंही होतं. पण काही वर्षांनी तिथली सवलत सरली, औषधवाले आणखी लांब डोंगराळ राज्यांत गेले, तेव्हा तेच मशीन काढायला जयंतीशेठने मलाच बोलावलं. या वेळी दुपारपर्यंत सगळं ट्रेलरवर चढलं. पॅडवरच उभं होतं ना! रमण त्या वेळीही पाइप सारायला होता. मला म्हणाला, "तुम्ही आलात तेव्हाच कळलं."

इकडे वालीवला सुट्टी संपवून माणसं आली तेव्हा दाराला कुलूप आणि आत मोकळी जमीन. कायद्याने बसतं ते शेठने दिलं, त्यात खोट नाही. हरीभाऊ सिल्वासाला गेले, चार महिने एका खोलीत तिघांबरोबर राहिले. आई अंथरुणाला खिळली, शेत पडीक राहायला लागलं, तेव्हा परत आले. गोरेगावची जागा केव्हाच भरली होती. पुढे त्यांनी टेम्पो चालवला, एका बिल्डरच्या ऑफिसात, गिऱ्हाइकांना फ्लॅट उघडून दाखवणारा चावीवाला म्हणून राहिले आणि शेवटी नायगाव स्टेशनबाहेर झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान टाकलं. नव्या टॉवरमधली माणसं तिथे आधारकार्डाच्या प्रती काढायला येतात. हरीभाऊ प्रत्येक प्रत उजेडाकडे धरून बघतात आणि काळी आली तर पुन्हा काढतात. गिऱ्हाईक घड्याळ बघत असतं.

मी मशीन नेलं हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. पहिल्यांदा भेटले तेव्हा मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "तुमालाबी फसवलं ना शेठनं? ओव्हरहॉलिंग सांगून आनलं आनि ट्रेलर उभा केला." मी मान हलवली. होय अशी की नाही अशी, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. माझी सोय झाली.

आता पेपरात रोज वाचतो. अमक्या राज्याने कंपन्यांना इतक्या वर्षांची माफी दिली, तमक्याने जीएसटीचा परतावा देऊ केला. कंपन्या ओढून आणायची चढाओढ लागली आहे. या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं, की एवढं बघितलंत, तर सरकारने सवलती द्याव्यात की नाही, ते लिहा. मी शिकलेला माणूस नाही. मला वाटतं ते असं. मागास भागात पहिला कारखाना यायला काहीतरी द्यावं लागतं, हे मी रमणच्या घरात बघितलं आहे. पण नुसती शेजाऱ्याकडची कंपनी आपल्याकडे ओढायला पैसे देणं म्हणजे एका ताटातलं दुसऱ्या ताटात वाढणं, आणि त्यात सांडतं बरंच. सवलत द्यायचीच तर आधी जमीन खणून दाखव म्हणावं. आणि निघायचं ठरलं की माणसांना तीन महिने आधी सांग, तोंडावर सांग, नाहीतर घेतलेली माफी परत दे. हे कुठल्या धोरणात बसेल का, मला माहीत नाही. पण ही अट त्या काळी असती, तर मला पेढ्यांचा पुडा घेऊन जावं लागलं नसतं. अट नव्हती म्हणून मी निर्दोष होतो असंही मी म्हणणार नाही. तोंड माझं होतं.

इथपर्यंत हाताने लिहिलं आणि टाइप करायला द्यायचं ठरवलं. माझ्या बिल्डिंगखालीच दोन टायपिंगवाले आहेत. पण मी रिक्षा केली आणि नायगावला गेलो. हरीभाऊंच्या दुकानात त्या वेळी गर्दी नव्हती. कुसुमवहिनी लॅमिनेशनच्या मशीनजवळ बसल्या होत्या. मी कागद पुढे केले आणि म्हणालो, "टाइप करायच्या आधी वाचा."

हरीभाऊ उभ्या उभ्या वाचायला लागले. हिरव्या रंगाच्या साहेबाजवळ हसले. मग हसू थांबलं. गणपतीच्या पानावर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी स्टुलावर बसून होतो. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं."

"दहा दिवस आधीपासून."

त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या. रागावले असते तर बरं झालं असतं. वहिनींनी विचारलं, "काय लिवलंय?" हरीभाऊंनी त्या पानावरचं वहिनींचं आणि माझं बोलणं मोठ्याने वाचून दाखवलं. टिकेल, वहिनी, इथपर्यंत.

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे जायला निगाले व्हते, भाऊ. मीच नको बोलली. मीच त्यांना अडवलं. सासूबाई मरेपर्यंत मना तेच ऐकवत ऱ्हायल्या, तुज्यामुलं माज्या पोराची गोरेगावची नोकरी गेली. पोरं मोठी झाली, तीबी बोलतात. हे कदी बोलले नाय, पन मना वाटायचं, मनात असंल. येवडी वर्सं मी म्हनत आले, माजंच चुकलं."

मला वाटत होतं मी हरीभाऊंचा गुन्हेगार आहे. कबूल करायला आलो होतो तेही त्यांच्याकडे. वहिनींचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणालो.

"हां. तुमचंच चुकलं," त्या म्हणाल्या. त्यांनी हरीभाऊंच्या हातातून ते पान घेतलं, झेरॉक्सच्या काचेवर पालथं ठेवलं आणि बटण दाबलं. प्रत बाहेर आली. त्यांनी ती उजेडाकडे धरून अक्षरं दिसतात का ते बघितलं, चार घड्या घातल्या आणि आपल्या पाकिटात ठेवली.

"पोरं राती जेवायला बसतील," त्या म्हणाल्या, "तवा वाचून दाखवीन."